फ्यूजची बाजू

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या खात्यातला एक सहकारी माझ्या टेबलापाशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुज्याकडेन तो पाचवो फ्यूज आसा मरे?" (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: पाचवो म्हणजे हिरवा. नंबर पाच नव्हे.) त्याच्या गाडीचा एक निळा फ्यूज पंधरा दिवसांत तीनदा गेला होता. आता हिरवा घातला की कटकट मिटेल, असा सल्ला त्याला कुणीतरी दिला होता. आणि माझ्या गाडीच्या कप्प्यात फ्यूजची एक डबी असते हे ऑफिसात सर्वांना ठाऊक आहे.

मी 'नाही' म्हटलं आणि वर दहा मिनिटं त्याला फ्यूज या विषयावर ऐकवलं. तो बिचारा डबा धुवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्याला सांगायचं राहिलेलं इथे लिहितो आहे.

आधीच सांगतो, मी कलाशाखेचा पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही आणि दहावीतही विजेचा धडा मी 'ऑप्शन'ला टाकला होता. त्या धड्यातला एकच शब्द मला आठवतो, तोसुद्धा भाषेच्या ओढीमुळे. फ्यूजला मराठी पुस्तकात 'वितळतार' म्हणतात. शॉर्ट सर्किटला 'लघुपरिपथन' म्हणतात, तो शब्द मी कुणाच्याही तोंडून कधी ऐकला नाही आणि ऐकण्याची शक्यताही नाही. पण वितळतार! काय नेमका शब्द आहे. 'फ्यूज' म्हटलं की काही कळत नाही, 'वितळतार' म्हटलं की त्या वस्तूचं आयुष्यातलं एकमेव काम काय ते कळतं. वितळण्यासाठीच जन्माला आलेली तार. ती वितळली तर तिने आपलं काम केलं. आपण मात्र म्हणतो, फ्यूज 'बिघडला'.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. पण तो मला फुकटात कळलेला नाही.

आमच्या लहानपणी घरी चिनी मातीचे कटआउट होते. चवथीत माटोळीच्या खाली, मखराभोवती लुकलुकणाऱ्या माळा लागल्या आणि आरतीच्या ऐन वेळी वीज गेली की घरातला एक काका टॉर्च घेऊन मीटरच्या फळीकडे जायचा. फ्यूजची बारीक तार घरात कधीच नसायची. मग कुठल्यातरी जुन्या वायरीतले तांब्याचे दोन-तीन पदर पिळून कटआउटमध्ये गुंडाळायचे. "आता बघू कसा जातो तो!" असं म्हणत काका खाली उतरायचा आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. मीही बघायचो. फ्यूज जाता कामा नये, गेला तर तो आपला पराभव, आणि न जाणारा फ्यूज बसवणारा माणूस हुशार, हे संस्कार तिथले. माझी गाडी त्या संस्कारांवर चालत होती असं म्हणायला हरकत नाही.

२०१८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्षभरापूर्वी घेतलेली सेकंडहँड गाडी होती. आधीच्या मालकाने हौसेने पुढे दोन फॉगलाइट बसवून घेतलेले. मलाही ते आवडले होते, कारण डिचोलीहून चोर्ल्याच्या वाटेने बेळगावला आमचं जाणंयेणं बरंच, आणि त्या घाटात पावसाळ्यात धुकं असं उतरतं की समोरचा माणूस दिसू नये. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला आणि वायपर बंद पडले. डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं, झाकणावरच्या नकाशात वायपरचा फ्यूज शोधला, १५ अँपिअरचा निळा, आतली तार तुटलेली. नवा घातला. वायपर सुरू! बायकोने वाहवा केली. कलाशाखेच्या माणसाला आयुष्यात असे क्षण किती येतात?

आठ दिवसांनी तो परत गेला. पुन्हा निळा. पुन्हा आठ दिवसांनी... तिसऱ्या वेळी पेट्रोलपंपावर एक अनोळखी सद्गृहस्थ माझी खटपट बघत होते. त्यांनी स्वतःच्या गाडीतून हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा फ्यूज काढून दिला. पैसेही घेतले नाहीत. तो बसवला आणि खरोखरच तो गेला नाही. जून संपला, जुलैचे तीन आठवडे गेले, फ्यूज शाबूत. मी काकाच्याच थाटात म्हणालो, आता बघू कसा जातो तो.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मावसभावाकडच्या बारशाहून आम्ही बेळगावहून परत येत होतो. मी, बायको, आई आणि तेव्हा आठ वर्षांची आमची मुलगी. जांबोटी सोडली तशी पावसाने झोड उठवली, कणकुंबी येईपर्यंत अंधारून आलं. हेडलाइट चालू, फॉगलाइट चालू, वायपर फास्टवर. घाट उतरायला लागलो आणि मागून आई म्हणाली, "बाबू, कितें तरी करपता रे." मी म्हटलं, बाहेरचा वास असेल, कुणाचातरी ब्रेक तापला असेल. दोन वळणं झाली आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबले. पुढचं काही दिसेना. गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घेतली, तोवर स्टिअरिंगच्या खालून धूर यायला लागला. रबर जळल्याचा, डोळ्यांना झोंबणारा.

किल्ली बंद केली. तिघींना पावसात उतरवलं. आईच्या गुडघ्यांचं त्या वर्षी दुखणं चाललेलं, तिला दार उघडून उतरायला लागलेला वेळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. धूर कमी झालासा वाटला. गाडी वळणावर फार पुढे आली आहे, अजून थोडी आत घ्यावी म्हणून मी आत बसून किल्ली पुन्हा फिरवली. धूर पुन्हा सुरू. तेवढ्यात मागून गोव्याकडे भाजी घेऊन येणारा बेळगावचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला तो ओरडतच: "सायब, किल्लीला हात लावू नगासा!" त्याने बोनेट उघडायला लावलं, स्वतःच्या टेम्पोतून १० नंबरचा पाना आणला आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला केलं. मग टॉर्च मारून फ्यूजबॉक्समधून पकडीने तो हिरवा फ्यूज उपसला आणि माझ्या हातावर ठेवला.

फ्यूज शाबूत होता. त्याच्या पाठीमागची वायर जळून कोळसा झाली होती.

"ह्यो कुनी घातला?" त्याने विचारलं. मी काही बोललो नाही. तिघींना त्याने केबिनमध्ये घेऊन साखळीपर्यंत पोचवलं. मी घाटात गाडीपाशी बसून राहिलो, डिचोलीहून मेव्हणा येईपर्यंत. त्या दोन तासांत माझ्या हातात तो फ्यूजच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. साठीचा माणूस, शिक्षण बेताचं, पण विजेचं शास्त्र त्याने मला जसं समजावलं तसं शाळेत कुणी समजावलं असतं तर मी तो धडा 'ऑप्शन'ला टाकला नसता. तो म्हणाला, फ्यूज दिव्याला किंवा वायपरला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. कंपनी जेवढी जाड वायर घालते तिला झेपेल तेवढाच आकडा फ्यूजवर देते. १५ च्या वायरीवर ३० चा फ्यूज घातला की आता सर्वांत अशक्त जागा फ्यूज राहिला नाही, वायर झाली. मग वितळायचं ते वायरच वितळणार, आणि वायर काही डबीत बंद नसते. ती डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिक, कापड आणि फोम यांच्यामधून गेलेली असते. वर आणखी एक: करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते.

आपल्याला गाडीच्या विजेची भीती वाटत नाही, कारण बॅटरी १२ व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. पण धोका झटक्याचा नसतोच. गाडीचा सगळा पत्रा हाच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्हची कुठलीही वायर सोलून पत्र्याला टेकली की झालं शॉर्ट सर्किट. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. (म्हणूनच टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचं. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला तर त्या पान्याचंच शॉर्ट सर्किट होतं.)

माझ्या गाडीत झालं होतं ते असं. ज्याने फॉगलाइट बसवले त्याने वेगळी लाइन ओढायचे कष्ट न घेता वायपरच्याच वायरीवर जॉइंट मारला होता. ५५ वॉटचे दोन बल्ब, म्हणजे ११० वॉट, भागिले १२, साधारण ९ अँपिअर. वायपरची मोटर स्वतःचे काही अँपिअर ओढते ते वेगळे. म्हणजे पंधराच्या फ्यूजला तुम्ही काठावर आणून उभं केलं. उन्हाळ्यात दोन्ही एकदम कधी लागत नाहीत, म्हणून काही कळलं नाही. पाऊस आला, धुकं आलं, दोन्ही एकदम चालू झाले. शिवाय ती जोडवायर इंजिनाकडून आत येते त्या पत्र्याच्या भोकाला रबराची कडी बसवली नव्हती. घाटात गाडी हादरते, वायर पत्र्याच्या कडेवर घासते, थोडी सोलते, पाणी लागतं, गंज धरतो. पुरतं शॉर्ट झालं असतं तर तो हिरवाही उडाला असता. झालं ते अर्धवट. पंधराहून जास्त, तिसाहून कमी. निळ्याने ते पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. हिरव्याला ते सांगता येणार नव्हतं.

जागा शोधायची त्याची युक्ती तर मी ऑफिसात अजून सांगत असतो. एकामागून एक फ्यूज जाळत बसण्याऐवजी त्याने फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा एक बल्ब जोडला. शॉर्ट आहे तोवर बल्ब लखलखीत पेटतो, आणि त्या बल्बमुळे करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो, म्हणून काही जळत नाही. मग फॉगलाइटचा कनेक्टर काढला, बल्ब तसाच. वायपरचा काढला, तसाच. म्हणजे दोष यंत्रात नाही, वायरीत आहे. मग वायरीचा जुडगा हाताने इंच इंच हलवत गेला. पत्र्याच्या त्या भोकापाशी हात आला आणि बल्ब मिणमिणला. "हांगा आसा," तो म्हणाला. मला वाटतं, नाडी बघणारे जुने वैद्य असेच असावेत.

फॉगलाइटला त्याने बॅटरीवरून वेगळी जाड वायर, बॅटरीलगत वेगळा फ्यूज आणि मध्ये रिले घालून दिला. भोकाला रबर बसवलं. जळालेला जुडगा बदलला. अडीच हजारांच्या आसपास गेले. निळा फ्यूज दहा रुपयांत येतो. पण त्याने जाताना सांगितलेलं वाक्य मला त्या अडीच हजारांपेक्षा महाग वाटतं: "फ्यूज गेलो जाल्यार तो कित्याक गेलो तें आदीं पळय."

कित्याक गेलो. हा प्रश्न आपण विचारतच नाही. आणि इथे मला फ्यूजबद्दल जी आपुलकी वाटते तिचं कारण थोडं वैयक्तिक आहे. मी वीसेक वर्षं सरकारी टेबलावर बसलो आहे. फाइल येते, एखादा कागद कमी असतो, आकड्यांचा मेळ बसत नसतो, मी शेरा मारतो आणि फाइल थांबते. लगेच लोक म्हणतात, हा माणूस अडवतो. मग कुणीतरी 'वरून' फोन आणतो, फाइल माझ्या टेबलाला वळसा घालून पुढे जाते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मेळ न बसलेला आकडा मात्र तसाच आत राहिलेला असतो, दोन वर्षांनी ऑडिटमध्ये धूर निघेपर्यंत. मोठा फ्यूज घालणं म्हणजे वरून फोन आणणं. मला मान्य आहे, काही शेरे आम्ही उगाचही मारतो. तसे काही फ्यूजही उगाच जातात: वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तार थकते, पाय गंजतात. म्हणून पहिल्यांदा गेला तर त्याच आकड्याचा नवा घालून बघावा, यात काही गैर नाही. दुसऱ्यांदा गेला की त्याचं म्हणणं ऐकावं.

माझा राग फ्यूजवर नाही, त्या हिरवा फ्यूज देणाऱ्या भल्या माणसावरही नाही. राग आहे तो गाडी घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी तिची वायर कापायला निघणाऱ्या आपल्या हौसेवर. मोठा हॉर्न, निळे दिवे, ५५ च्या जागी १०० वॉटचे बल्ब (हेच गणित पुन्हा करून बघा), सीटखाली अँप्लिफायर. बसवणारा पोरगा अर्ध्या तासात बसवून देतो, इन्सुलेशन टेप गुंडाळतो, आपण दिवा पेटला की पैसे देतो. रिले घातला का, फ्यूज घातला का, वायर किती जाडीची, हे विचारणारं गिऱ्हाईक त्या पोराने आयुष्यात पाहिलेलं नसतं. आणि आपल्या हवेत ती टेप टिकते किती? चार महिने पाऊस, बारा महिने खारी दमट हवा. दोन पावसाळ्यांत तिचा गोंद सुटून काळा चिकटा होतो आणि वायर उघडी पडते. त्यात उंदीर. माडाखाली गाडी लावणाऱ्यांना उंदरांबद्दल मी काय सांगावं!

२०१० साली देशभर नॅनो गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. आपण सर्वांनी तेव्हा स्वस्त गाडीवर विनोद केले. कंपनीने मात्र चौकशीनंतर जी कारणं सांगितली त्यांत बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणं हे एक होतं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या विजेच्या आणि एक्झॉस्टच्या भागात जादा संरक्षण फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या कारखान्याला विजेच्या बाजूने जे सुचलं त्यात जादा फ्यूज होता. आम्हाला मात्र पेट्रोलपंपावर तो काढून टाकण्याची बुद्धी होते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभागही मी पाहिले आहेत, चांगले शिकलेसवरलेले. चांदी गुंडाळली म्हणजे फ्यूज मोठा केला असंही नव्हे, फ्यूज काढूनच टाकला.

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा विचारतात, ते योग्यच आहे. पण आपल्या गाडीचा फ्यूजबॉक्स कुठे आहे हे एकदा हात लावून दाखव, असंही विचारावं असं मला फार वाटतं. बहुतेक गाड्यांत एक डॅशबोर्डखाली आणि एक बोनेटखाली असतो, झाकणावर नकाशा असतो. रंग पाठ करायला पाच मिनिटं लागतात, कुठल्याही कंपनीची गाडी असली तरी या चपट्या फ्यूजचे रंग तेच: साडेसात तपकिरी, दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, पंचवीस पारदर्शक, तीस हिरवा. आईने हे ऐकून ग्रहांच्या रत्नांसारखे वाटतात म्हटलं होतं.

माझ्या डबीत आता प्रत्येक रंगाचे दोन-दोन आहेत, शिवाय प्लास्टिकचा एक चिमटा आणि १० नंबरचा पाना. मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटचा फ्यूज हा आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा जाणारा, कारण त्यात मुलगी नाणी टाकायची. तो मी स्वतः बदलतो. त्यापलीकडचं काही करत नाही. नव्या गाड्यांत एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टणाच्या वायरी असतात, तिथे तर टेस्टलॅम्प घेऊन आपण जाऊच नये, भलतीकडे करंट गेला तर ती पिशवी तोंडावर फुटू शकते. आणि धूर दिसला तर किल्ली बंद, माणसं बाहेर, बॅटरीपाशी जाणं निर्धोक असेल तर निगेटिव्ह काढायचं, नाहीतर लांब उभं राहून १०१ ला फोन. पुन्हा किल्ली फिरवायची नाही. हे मी मुलीलाही शिकवलं आहे, ती आता गाडी शिकण्याच्या वयाला आली आहे.

सहकाऱ्याला शेवटी मी डबीतला एक निळा फ्यूज दिला आणि आमच्या इलेक्ट्रिशियनच्या दुकानाची खूण सांगितली. कालच्या पावसात त्याच्या गाडीचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, "मस्त चालते, एकाने हिरवा दिला." दुकानात तो अजून गेलेला नाही. गाडी रोज सकाळी ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये माझ्या गाडीच्या शेजारी लावतो.